चिकन-तांदळाचा पातेलंभर स्ट्यू: सहा जणांसाठी प्रमाण आणि क्रम हवा आहे

पातेलंभर

सहा माणसांचं जेवण एकाच पातेल्यात व्हावं, पोटभरीचं असावं आणि खिशाला परवडावं म्हणून चिकन-तांदळाचा स्ट्यू करायचा आहे. ५ लिटरचं जाड बुडाचं पातेलं आहे, कुकरही आहे. सामान साधंच: हाडासकट चिकन, तांदूळ, कांदे, गाजर, बटाटे, लसूण, तमालपत्र, मिरी.

हाताशी जी कृती आहे तिच्यात चिकन, भाज्या, २ वाट्या तांदूळ आणि २ लिटर पाणी एकदम चढवून पाऊण तास शिजवायला सांगितलंय. तशाने तांदळाचा गिचका होतो, छातीचे तुकडे कोरडे पडून त्यांचे दोरे निघतात, आणि एवढं होऊनही चव पाणचटच. उरलेला स्ट्यू दुसऱ्या दिवशी घट्ट गोळा झालेला असतो, रस्सा नावालाही नाही.

तांदूळ किती आणि कधी घालायचा? चिकनचा कुठला भाग घ्यावा? मसाले न वाढवता रश्श्याला चव कशी आणायची?

मीठमिरी

आधी तांदळाचं बघू, कारण निम्मं दुखणं तिथेच आहे. भरलेल्या २ वाट्या म्हणजे ३५० ते ४०० ग्रॅम तांदूळ. रश्श्यात पाऊण तास उकळत राहिलेला तांदूळ आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी सहज पितो. म्हणजे लिटर-सव्वा लिटर त्यातच गेलं, वर अर्धा लिटर वाफ होऊन गेलं. २ लिटरमधून मग रस्सा उरणार कुठून?

हिशेब पाण्यावरून करा. १ लिटर पाण्याला ४०-५० ग्रॅम तांदूळ घातला तर पातळ सूप होतं. ६०-७० ग्रॅमला चमच्याने खाण्याजोगा दाटसर स्ट्यू. १०० ग्रॅमच्या पुढे गेलात की तो स्ट्यू राहत नाही, ओला भात होतो. सहा जणांसाठी मी हे प्रमाण धरेन: चिकन १.२ किलो, पाणी २.२ लिटर, तांदूळ १५० ग्रॅम, कांदे २ मोठे, गाजरं २, बटाटे २ मध्यम, लसूण ६-८ पाकळ्या, तमालपत्र २, अख्खी मिरी १०-१२, तेल २ मोठे चमचे. प्रत्येकाला भरपूर मोठा वाडगा मिळतो.

चिकन मांडीचं आणि तंगडीचं घ्या, हाडासकट. छातीच्या मांसात चरबी आणि चिवट पडदे दोन्ही कमी, त्यामुळे ते लवकर शिजतं आणि त्यानंतरचं प्रत्येक मिनिट त्यातला रस पिळून काढतं. मांडीचं उलटं आहे. तिच्यातले पडदे आणि शिरा मंद आचेवर अर्धा-पाऊण तास राहिल्या की विरघळून त्यांचं जिलेटिन होतं. त्यानेच मांस मऊ पडतं आणि रस्सा ओठांना किंचित चिकटतो. पाणचट रश्श्यात नेमकं हेच नसतं. शिवाय बहुतेक ठिकाणी बिनहाडाच्या छातीपेक्षा हा भाग स्वस्त पडतो.

आता क्रम. तुकडे कोरडे पुसून घ्या, १ छोटा चमचा मीठ चोळून अर्धा तास ठेवा, आणि पातेल्यात टाकण्याआधी परत एकदा पुसा, कारण मीठ लागलं की त्यांना पाणी सुटतं. पातेलं मध्यम आचेवर तापवून १ मोठा चमचा तेल घाला, तुकडे कातडीची बाजू खाली करून ठेवा आणि ६-७ मिनिटं हात लावू नका. तपकिरी झाले की आपोआप सुटतात. ओढून काढावे लागत असतील तर अजून झालेले नाहीत. कातडी काढलेलं चिकन असेल तर तेल थोडं वाढवा आणि ३-४ मिनिटांतच उलटा. सगळे तुकडे एकदम कोंबू नका, दोन खेपांत करा. गर्दी झाली की सुटलेलं पाणी आटायला जागा मिळत नाही, तुकडे वाफेत शिजतात आणि पांढरे राहतात.

चिकन बाहेर काढून त्याच तेलात कांदा घाला (लागलं तर उरलेलं तेलही), चिमूटभर मीठ, मध्यम-मंद आच, १० मिनिटं. लसूण शेवटच्या १ मिनिटात, आधी घातला तर करपून कडू होतो. मग अर्धी वाटी पाणी ओतून लाकडी उलथन्याने बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून घ्या. ते तपकिरी थर म्हणजेच मसाले न वाढवता येणारी चव. मात्र काळं झालेलं असेल तर ते खरवडू नका, कडूपणा सगळ्या रश्श्यात उतरतो. तसं झालं तर पातेलं बदला.

चिकन परत घाला, २.२ लिटर गरम पाणी, तमालपत्र, मिरी. उकळी आली की वर येणारा राखाडी फेस झाऱ्याने काढा आणि आच इतकी कमी करा की पृष्ठभागावर इकडेतिकडे एखाददुसरा बुडबुडाच फुटेल. झाकण अर्धवट. पूर्ण बंद केलं की आत खळखळ उकळतं आणि नेमकं तेच नकोय: मांसाचे धागे आवळतात, चरबी रश्श्यात घुसळली जाऊन तो गढूळ आणि तेलकट लागतो. ३५ ते ४० मिनिटं. मांडीचं हाड फिरवलं की मांसातून सहज सुटायला हवं.

तुकडे ताटात काढा. बटाटा-गाजराच्या २ सेंटीमीटरच्या फोडी रश्श्यात टाका, ८-१० मिनिटं शिजू द्या. मगच धुतलेला तांदूळ घाला. तेवढ्या वेळात चिकन हाताला सोसेल इतकं निवतं, त्याचे मोठे मोठे तुकडे सोडवून ठेवा. फार बारीक केलंत तर ते रश्श्यात विरून जातं.

पांढऱ्या तांदळाला १२ ते १५ मिनिटं. दर ३-४ मिनिटांनी बुडापासून ढवळा. ११व्या मिनिटाला एक दाणा बोटात दाबून बघा. मधे बारीकशी कणी राहिलेली असतानाच चिकन परत घाला, २ मिनिटं उकळू द्या आणि आच बंद करा. वाढेपर्यंत ती कणी आपोआप शिजते. पातेल्यात पूर्ण मऊ होईपर्यंत थांबलात, तर ताटात येईपर्यंत गिचका ठरलेला.

मीठ एकूण ३ ते ४ सपाट छोटे चमचे लागतं, पण तीन टप्प्यांत: चिकनला, रश्श्याला, आणि तांदूळ शिजल्यावर. तांदूळ आणि बटाटा दोघेही मुळात अळणी, त्यामुळे तांदूळ घालण्याआधी बरोबर वाटलेला रस्सा नंतर त्यांच्यासोबत अळणी लागतो. शेवटचं मीठ घातल्यावर अर्ध्या लिंबाचा रस, आच बंद करूनच. काहीतरी कमी आहे असं वाटत असतं तेव्हा पुष्कळदा मीठ नव्हे, आंबटपणा कमी असतो.

मंद आच

मीठमिरीताईंचा क्रम अगदी बरोबर, पण तांदळाबाबत माझं मत वेगळं आहे. उरणार हे ठाऊक असेल तर तांदूळ स्ट्यूत घालूच नये. वेगळा शिजवावा, वाढताना वाडग्यात घालावा आणि वर रस्सा ओतावा. आच बंद केली तरी तांदूळ पाणी प्यायचा थांबत नाही, फ्रिजमध्येसुद्धा रात्रभर फुगत राहतो. सकाळचा घट्ट गोळा त्यामुळेच होतो.

आणि उरलेल्याची काळजी नीट घ्या, कारण शिजलेला तांदूळ आणि चिकन दोन्ही नाजूक. तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू असतात, ते शिजवण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ते वाढीला लागतात, आणि त्यांचं उलटी करवणारं विष पुन्हा उकळूनही नष्ट होत नाही. म्हणून ‘सकाळी खळखळून उकळू’ हा उपाय नव्हे. आच बंद केल्यापासून २ तासांच्या आत स्ट्यू फ्रिजमध्ये जायला हवा.

५ लिटरचं भरलेलं पातेलं ओट्यावर ठेवलं तर वरून गार वाटतं, मधे तासन्‌तास कोमट असतं. उरलेलं उथळ भांड्यांत ५-६ सेंटीमीटर थर येईल असं काढा, ती भांडी थंड पाण्याच्या परातीत १५-२० मिनिटं ठेवून ढवळा, मग फ्रिजमध्ये. ३ दिवसांत संपवा. गरम करताना लागेल तेवढाच काढा, वाफा येईपर्यंत नव्हे, पूर्ण उकळी येईपर्यंत तापवा. एकदा गरम केलेलं परत फ्रिजमध्ये ठेवू नका.

फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर तांदूळ आणि बटाटा नसलेला रस्सा आणि चिकन ठेवा, २-३ महिने उत्तम राहतं. गोठून सुटलेला बटाटा स्पंजासारखा पाणी सोडतो आणि रवाळ लागतो.

मीठमिरी

सुरक्षिततेचं सगळं मान्य. पण साध्या पाण्यात शिजलेल्या तांदळाला रश्श्याची चव लागत नाही, आणि त्याचा स्टार्च रश्श्यात उतरत नाही म्हणून रस्साही पातळ राहतो. दोघांचं साधायचं असेल तर असं करा: चिकन आणि भाज्या शिजल्या की उद्याचा रस्सा, भाजी आणि चिकन आधीच वेगळं काढा, आणि पातेल्यात राहिलेल्या रश्श्यापुरताच तांदूळ घाला. लिटरला ६५-७० ग्रॅमचं तेच प्रमाण. उद्या वेगळा काढलेला रस्सा उकळा, त्यात ताजा तांदूळ टाका, १५ मिनिटांत पहिल्या दिवसासारखाच स्ट्यू होतो. भातासाठी वेगळं भांडं लागत नाही आणि शिळा भातही उरत नाही.

मंद आच

हो, ही पद्धत माझ्यापेक्षा चांगली आहे. फक्त काढून ठेवलेला रस्साही वर सांगितल्याप्रमाणे लगेच गार करा.

तमालपत्र

कुकरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. गॅस आणि वेळ दोन्ही वाचतं, पण कुकरमध्ये फक्त चिकन आणि रस्सा करायचा, तांदूळ नाही.

परतण्यापर्यंतचं सगळं कुकरच्या भांड्यातच करा. पाणी २.२ ऐवजी १.८ लिटरच घाला, कारण वाफ बाहेर जात नाही. भांडं दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. पहिली शिट्टी झाली की आच मंद करा आणि तिथून १० ते १२ मिनिटं मोजा. शिट्ट्या मोजण्यात अर्थ नाही, प्रत्येक कुकरची आणि प्रत्येक आचेची शिट्टी वेगवेगळ्या वेळाने होते. घड्याळ बघा. गॅस बंद केल्यावर वाफ आपोआप जिरू द्या. शिट्टी उचलून वाफ सोडली की आतला रस्सा एकदम उसळून उकळतो, गढूळ होतो आणि मांस आवळतं.

झाकण उघडल्यावर मग भाज्या आणि तांदूळ, उघड्यावर, वर दिलेल्या वेळेप्रमाणे. तांदूळ कुकरमध्ये बंद करून शिजवला तर त्याचा चिकट फेस वाफेच्या वाटेत अडकू शकतो, आणि ढवळता येत नसल्याने स्टार्च बुडाला बसून करपतो.

जाड बूड

बिघडलेल्याचं काय करायचं ते लिहितो.

बुडाला लागलं: करपल्याचा वास आला की ढवळू नका, खरवडू नका. आच बंद, आणि वरचं सगळं अलगद दुसऱ्या भांड्यात ओता. बुडाचा थर तिथेच राहू द्या. बहुतेक वेळा वरचा स्ट्यू वाचतो. एकदा खरवडलंत की मग काही उपाय चालत नाही. मुळात लागतं ते तांदूळ घातल्यानंतरच्या पहिल्या ५ मिनिटांत, दाणे जड असतात आणि तळाला बसतात तेव्हा. म्हणून त्या वेळात पातेल्यापासून हलू नका.

फार घट्ट झाला: उकळतं पाणी एका वेळी १०० मिली घाला, थांबा, बघा. गार पाणी घातलं तर पुन्हा उकळी येईपर्यंत तांदूळ आणखी शिजतो. पाणी वाढवलं की मीठ आणि लिंबू परत चाखून घ्या.

फार पातळ झाला: तांदूळ वाढवू नका, तो शिजेपर्यंत आधीचा फुटतो. शिजलेल्या बटाट्याच्या ५-६ फोडी रश्श्यासह वाटीत काढून ठेचा आणि परत मिसळा. पिठी किंवा कॉर्नफ्लोअर लावायची गरज नाही, त्याने चव बोथट होते.

मीठ जास्त झालं: बटाटा घालून मीठ ओढून घेण्याची युक्ती सांगतात. बटाटा फक्त स्वतः शोषलेल्या पाण्याएवढंच मीठ घेतो, बाकी रस्सा तितकाच खारट राहतो. खरा उपाय पाणी वाढवण्याचा. सोबत थोडा बिनमिठाचा भात वेगळा वाढा.

तवंग जास्त आला: पळीने वरवर काढून घ्या, टाकू नका. तीच चरबी वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत कांदा परतायला वापरा. तेलाहून चव चांगली येते.

पातेलंभर

सगळ्यांचे मनापासून आभार, हे सगळं उतरवून घेतलं. तीन गोष्टी राहिल्या. सुटी मांडी न घेता अख्खी कोंबडी घेतली तर छातीचं काय करायचं? टोमॅटो घातला तर चालेल का? आणि हातसडीचा किंवा उकडा तांदूळ असेल तर वेळ किती धरायचा? चिकन अजून थोडं कमी करून पोटभरीचं ठेवता येईल का, हेही सांगा.

मीठमिरी

अख्खी कोंबडी घेणं शहाणपणाचं. दीड किलोची घ्या. छातीचे दोन्ही भाग हाडावरून सोडवून घ्या, पण पातेल्यात घालू नका, झाकून फ्रिजमध्ये ठेवा. बाकी सगळं, पाठ, मान, पंखांची टोकंसुद्धा, रश्श्यात. पाठीच्या आणि पंखांच्या हाडांतून जिलेटिन भरपूर सुटतं, रस्सा मांडीच्या रश्श्यापेक्षाही दाट होतो. छातीचे ३ सेंटीमीटरचे तुकडे करून तांदूळ घातल्यानंतर ७-८ मिनिटांनी टाका. ५-६ मिनिटांत शिजतात. एक मोठा तुकडा तोडून बघा: मधे गुलाबी आणि चकचकीत दिसत असेल तर अजून १-२ मिनिटं. थर्मामीटर असेल तर ७४ अंश सेल्सियस झालं की बस.

कोंबडी नळाखाली धुऊ नका. शिंतोडे ओट्यावर आणि बाजूच्या भांड्यांवर उडतात, त्यांच्याबरोबर जिवाणूही. शिजताना ते मरणारच आहेत. कागदाने टिपा, कागद टाकून द्या, पाट, सुरी आणि हात साबणाने धुवा.

टोमॅटो चालतो, पण बटाटा आणि गाजर मऊ झाल्यावरच. आंबट रश्श्यात भाज्या कडक राहतात, अर्धा तास उकळूनही बटाट्याची फोड मधे करकर वाजते. २ टोमॅटो चिरून, तांदळाच्या ५ मिनिटं आधी. मग लिंबू चाखून मगच, कदाचित लागणार नाही.

मंद आच

तांदळाच्या वेळा. हातसडीचा किंवा ब्राउन तांदूळ असेल तर ४० ते ४५ मिनिटं, अर्धा तास भिजवला तर थोडा कमी वेळ. तो भाज्यांच्या आधी घालावा लागतो, म्हणजे चिकन काढल्याबरोबर, आणि भाज्या शेवटच्या १५ मिनिटांत. जास्त वेळ उकळणार म्हणून पाणी पाव लिटर वाढवा. उकड्याला २० ते २५ मिनिटं. स्ट्यूसाठी उकडा मला सगळ्यांत आवडतो: उकडताना दाण्यातला स्टार्च घट्ट बसलेला असतो, म्हणून दाणा फुटत नाही आणि उशिरा जेवणाऱ्यालाही गिचका मिळत नाही. आखूड, जाड दाण्याचा पांढरा तांदूळ रस्सा लवकर दाट करतो, पण लवकर विरतोही. लांब दाणा सुटा राहतो, रस्सा पातळ राहतो. दाट हवा असेल तर तांदूळ एकदाच धुवा, सुटा हवा असेल तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवा आणि वेगळ्या कढईत २ मिनिटं परतून मग घाला.

तमालपत्र

चिकन कमी करायचं तर ८०० ग्रॅम घ्या आणि १०० ग्रॅम मसूर डाळ घाला, सालं काढलेली, केशरी. ती धुऊन, भाज्यांबरोबरच टाका, म्हणजे तांदूळ शिजेपर्यंत २०-२५ मिनिटं मिळतात आणि ती पूर्ण विरघळते. मग तांदूळ १५० ऐवजी १०० ग्रॅमच, नाहीतर रस्सा दाटून बुडाला लागतो. डाळीला फेस येतो तो काढा, आणि चिकन ८०० ग्रॅमवर आल्याने रश्श्याची ताकद थोडी कमी पडते, ती कांदा जास्त वेळ, १५ मिनिटं, परतून भरून काढा. कोबीही चालतो, जाडसर चिरून, शेवटच्या ७-८ मिनिटांत. जास्त शिजला तर उग्र वास येतो.

जाड बूड

मांस सोडवल्यावर उरलेली हाडं फेकू नका. स्वयंपाकघरातच सोडवलेली, कोणाच्या ताटात न गेलेली हाडं १ लिटर पाण्यात कांद्याच्या आणि गाजराच्या देठांबरोबर तास-दीड तास मंद उकळा, गाळा, गार करून फ्रीझरमध्ये ठेवा. ६०० ते ७०० मिली हलका रस्सा निघतो. पुढच्या वेळी २.२ लिटर पाण्यातलं तेवढं पाणी कमी करून हा घाला. त्यात मीठ घालू नका, म्हणजे पुढचा मिठाचा अंदाज चुकत नाही.